पट्ट्याचा ताण मोजणारा माणूस : फ्रेडरिक टेलर

एफ. डब्ल्यू. टेलर हे नाव आपल्याला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत निदान दोनदा तरी भेटतं. एकदा प्रॉडक्शनच्या पेपरला, टूल लाइफच्या समीकरणात. दुसऱ्यांदा मॅनेजमेंटच्या पेपरला, 'सायंटिफिक मॅनेजमेंटचा जनक' म्हणून. परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत आपण ती पाच मार्कांची टीप पाठ करतो : स्टॉपवॉच, टाइम स्टडी, डिफरन्शियल पीस रेट. पेपर झाला की टेलर संपला!

पण स्टॉपवॉचमुळे जगभर प्रसिद्ध (आणि काही ठिकाणी बदनाम) झालेल्या या माणसाने त्याआधी एका वेगळ्याच गोष्टीच्या नोंदी नऊ वर्षं ठेवल्या होत्या. ती गोष्ट म्हणजे मशिन फिरवणारा साधा चामडी पट्टा. तो किती ताणावा, त्याची टोकं किती वेळा सोडून पुन्हा जोडावी लागतात आणि त्या प्रत्येक वेळी कारखान्याचं किती नुकसान होतं, याचा हिशोब टेलरआधी इतक्या बारकाईने फारसा कुणी मांडला नव्हता. आपल्या पुस्तकांत मात्र हा टेलर नाही. म्हणून त्याची ही ओळख.

पट्टा आणि त्याचा सांधा

आज आपल्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक लेथला स्वतःची मोटर असते. टेलरच्या तरुणपणी, म्हणजे १८७० च्या दशकात, तसं नव्हतं. कारखान्यात एकच मोठं वाफेचं इंजिन असे. ते छताजवळून जाणारा लांबलचक शाफ्ट फिरवी आणि त्या शाफ्टवरच्या पुलींवरून खाली प्रत्येक मशिनकडे चामड्याचे पट्टे उतरत. ज्यांनी गावाकडची पिठाची गिरणी पाहिली आहे त्यांना हे चित्र लगेच डोळ्यासमोर येईल. एकीकडे मोटर, दुसरीकडे गिरणीची पुली आणि मधे सळसळत फिरणारा रुंद पट्टा. असे शेकडो पट्टे एका छपराखाली फिरताहेत अशी कल्पना करा.

पट्टा काही गोल चक्कर होऊन जन्माला येत नाही. तो लांब फीत असतो आणि त्याची दोन टोकं कुणीतरी जोडावी लागतात. जोडायच्या रीती तीन. पहिली, दोन्ही टोकं तासून उतरती करायची, एकावर एक ठेवून सरसाने चिकटवायची आणि दाबून धरायची. हा सांधा सगळ्यात सफाईदार, कारण पट्ट्याची जाडी कुठेच वाढत नाही. पण त्याला वेळ लागतो. दुसरी रीत, टोकांना भोकं पाडून चामड्याच्या वादीने शिवायचं. वादीचे उभे टाके पुलीच्या बाजूला आणि तिरपे टाके बाहेरच्या बाजूला यायला हवेत, नाहीतर फुली पुलीवर घासून वादी लवकर झिजते. तिसरी, पत्र्याच्या किंवा तारेच्या क्लिपा ठोकायच्या. झटपट काम, पण क्लिप जिथे चावते तिथेच पुढे चामडं फाटतं. रीत कुठलीही घ्या, टोक गुण्या लावून काटकोनात कापलं नाही तर पट्टा पुलीवरून सरकणार हे ठरलेलं.

आता जरा आकडेमोड करू. ४० फूट लांबीचा पट्टा मिनिटाला १००० फूट वेगाने फिरतोय. म्हणजे त्याचा सांधा मिनिटाला २५ वेळा फेरी मारतो. दिवसरात्र चालणाऱ्या कारखान्यात चोवीस तासांत ३६,००० फेऱ्या! दोन पुली धरल्या तर तो सांधा दिवसाला ७२,००० वेळा वाकतो आणि सरळ होतो. म्हणून बरेचदा पट्टा आधी सांध्यापाशी दगा देतो.

शिवाय चामडं ताणाखाली लांबतं. पट्टा सैल पडला की पुलीवर घसरू लागतो, मशिन गुरगुरतं, कट घेताना थांबतं. मग मशिन बंद करायचं, शिडी लावायची, सांधा सोडायचा, इंचभर तुकडा कापायचा, नवी भोकं पाडायची आणि पुन्हा शिवायचं. किती कापायचं? अंदाजे! अनुभवी कामगार पट्टा हाताने दाबून बघे आणि ठरवी. पुन्हा लवकर सैल पडू नये म्हणून तो जरा जास्तच आवळून टाकी. सगळ्या जगात हेच चालू होतं.

वकिलाचा मुलगा कारखान्यात

फ्रेडरिक विन्स्लो टेलरचा जन्म २० मार्च १८५६ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या जर्मनटाउन इथे झाला. घर सुखवस्तू, क्वेकर पंथाचं. वडील वकील. आई गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतली, शिकलेली बाई. मुलाचं सुरुवातीचं शिक्षण तिनेच घरी केलं. लहानपणी टेलरला रात्री भयंकर स्वप्नं पडत. पाठीवर झोपलं की स्वप्नं पडतात हे त्याच्या लक्षात आलं. मग पठ्ठ्याने पट्टे आणि लाकडी टोकं जोडून एक साज तयार केला. तो अंगाला बांधून झोपायचा. पाठीवर वळलं की टोक टोचणार आणि जाग येणार! त्रासाचं कारण शोधायचं आणि त्यावर यंत्र बसवायचं, ही खोड तेव्हापासूनची.

वडिलांची इच्छा मुलाने हार्वर्डला जाऊन वकील व्हावं अशी. तो १८७४ मध्ये प्रवेश परीक्षा उत्तम रीतीने पासही झाला. पण अभ्यासाच्या ताणाने डोकेदुखी आणि डोळ्यांचा त्रास सुरू झाला आणि हार्वर्ड राहिलं ते राहिलंच. त्याऐवजी तो फिलाडेल्फियातल्या पंप बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात पॅटर्न मेकर आणि मशिनिस्टचं काम शिकायला उमेदवार म्हणून लागला. पहिल्या वर्षी पगार शून्य. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी आठवड्याला दीड डॉलर, चौथ्या वर्षी तीन डॉलर. श्रीमंत घरचा मुलगा, पण चार वर्षं त्याने हाताला ग्रीस लावून काढली. आपल्याकडे आजही डिग्रीवाला पोरगा फाइलिंगच्या जॉबला नाक मुरडतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

मिडवेलमध्ये

१८७८ मध्ये उमेदवारी संपली तेव्हा बाजारात मंदी होती. मशिनिस्टची नोकरी मिळेना, म्हणून टेलर फिलाडेल्फियाच्या मिडवेल स्टील कंपनीत साधा मजूर म्हणून शिरला. मग कारकून, मग लेथवर, मग गँग बॉस, मग फोरमन आणि पुढे चीफ इंजिनिअर! नोकरी करता करताच त्याने न्यू जर्सीच्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटची मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी १८८३ मध्ये मिळवली. वर्गात न बसता, घरी अभ्यास करून आणि परीक्षेपुरतं हजर राहून. (अटेंडन्स भरली नाही म्हणून डीटेन होणाऱ्यांनी यातून भलता बोध घेऊ नये!) याच काळात, १८८१ मध्ये, अमेरिकेची पहिली राष्ट्रीय टेनिस स्पर्धा झाली. तिच्यात पुरुष दुहेरीचं विजेतेपद त्याने क्लॅरन्स क्लार्कबरोबर पटकावलं. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो गोल्फ खेळला आणि चौथा आला.

पण गँग बॉस झाल्यावर त्याचं कामगारांशी वाजलं. सगळे ठरवून सावकाश काम करतात, हे स्वतः लेथवर उभं राहिल्यामुळे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो जास्त काम मागू लागला, कामगार देईनात. दोन-तीन वर्षं हे भांडण चाललं. मशिन मोडायची आणि खापर टेलरच्या सक्तीवर फोडायचं असा प्रकार कामगार करतात, असं त्याचं म्हणणं. त्याने मोडतोडीबद्दल दंड बसवला. शेवटी टेलर जिंकला, पण या भांडणाचा त्याला स्वतःलाच वीट आला. रोज ज्यांच्यात वावरायचं त्यांच्याच डोळ्यांत राग बघत जगणं त्याला नको झालं.

भांडणाचं मूळ त्याच्या मते एकच होतं. एका दिवसात किती काम होऊ शकतं, हे ना मालकाला माहीत ना कामगाराला. सगळा कारभार अंदाजावर. तेव्हा आधी मोजायचं! मिडवेलचे अध्यक्ष विल्यम सेलर्स यांच्याकडे त्याने प्रयोगांसाठी परवानगी मागितली. सेलर्स म्हणजे आपल्या मशिन ड्रॉइंगच्या पुस्तकातल्या सेलर्स थ्रेडवाले. १८८० मध्ये ६६ इंची व्हर्टिकल बोरिंग मिलवर, रेल्वे इंजिनाच्या चाकांच्या पोलादी धावा कापत धातू कापण्याचे प्रयोग सुरू झाले. अंदाज होता सहा महिन्यांचा. चालले २६ वर्षं!

४२ पट्टे आणि नऊ वर्षं

कापण्याचे प्रयोग करताना टेलरला रोज जाणवणारी अडचण म्हणजे पट्टा. टूलचा कोन बरोबर, फीड बरोबर, वेग बरोबर. पण पट्टाच घसरला तर? शिवाय एका मशिनचा पट्टा आवळलेला, दुसऱ्याचा ढिला. मग दोन मशिनची तुलना तरी कशी करायची?

म्हणून त्याने पट्ट्यांचीच परीक्षा घ्यायचं ठरवलं. मिडवेलच्या मशिन शॉपमध्ये दिवसरात्र चालणारे ४२ पट्टे निवडले. ते २४ फुटांपासून ५१ फुटांपर्यंत लांब होते. पट्टा ओढून धरणाऱ्या शिकंजांच्या दोन जोड्यांमध्ये त्याने स्प्रिंगचा ताणकाटा बसवला. पट्टा पहिल्यांदा चढवताना आणि नंतर दर वेळी आवळताना त्याचा ताण या काट्यावर मोजायचा आणि मगच टोकं जोडायची. दुपदरी पट्ट्याला रुंदीच्या दर इंचाला ७१ पौंड, हा जोडतानाचा ताण ठरला. हाताने दाबून बघण्याचा अंदाज संपला. पट्टा किती लांबला, किती वेळा आवळला, कधी निकामी झाला, सगळं कागदावर.

यात एक सुंदर तुलना आपोआप साधली गेली. काही पट्टे स्टेप कोन पुलीवर होते. त्यांच्यावर त्या काळच्या चालू नियमांप्रमाणे भरपूर भार होता : रुंदीच्या दर इंचाला एकूण १११ पौंड, आणि त्यातून उपयोगाची ओढ ६५ पौंड. दुसरे पट्टे फास्ट-लूज पुलींवर सरकवले जाणारे होते. त्यांच्यावर एकूण ५४ पौंड आणि उपयोगाची ओढ फक्त २६ पौंड. म्हणजे पहिल्यांच्या चार दशांश. नऊ वर्षांनी जो निकाल आला तो असा :

जास्त भाराचा पट्टा, नीट काळजी घेतली तर, सुमारे ७ वर्षं टिकतो. कमी भाराचा १८ वर्षं.

जास्त भाराच्या पट्ट्याच्या देखभालीचा, दुरुस्तीचा आणि बदलण्याचा वर्षाचा खर्च त्याच्या मूळ किमतीच्या ३७ टक्के. कमी भाराच्या पट्ट्याचा १४ टक्के किंवा त्याहून कमी.

जास्त भाराचा पट्टा आपल्या आयुष्यात निदान २६ वेळा काम बंद पाडतो. कमी भाराचा सोळा महिन्यांतून सरासरी एकदा.

इथे एखादा हुशार विद्यार्थी हात वर करेल : सर, कमी भार म्हणजे पट्टा रुंद घ्यावा लागणार, तो महाग नाही का पडणार? बरोबर प्रश्न आहे. ६५ ला २६ ने भागा, अडीच येतात. म्हणजे तेवढीच ओढ मिळवायला पट्टा अडीचपट रुंद हवा. अरुंद पट्ट्याची किंमत १०० धरली तर रुंद पट्ट्याची साधारण २५०. आता वर्षाचा खर्च काढा. १०० चे ३७ टक्के म्हणजे ३७. २५० चे १४ टक्के म्हणजे ३५. जवळपास सारखाच! मग फायदा कुठे? फायदा आहे तो थांबण्यात. १८ वर्षं म्हणजे २१६ महिने, भागिले १६, म्हणजे साडेतेरा. एक पट्टा सात वर्षांत २६ वेळा मशिन थांबवणार, दुसरा अठरा वर्षांत तेरा-चौदा वेळा.

आणि टेलरचा खरा मुद्दा हाच होता. पट्ट्याच्या हिशोबात सगळ्यात मोठा खर्च चामड्याचा नाही, वादीचा नाही, शिवणाऱ्याच्या मजुरीचाही नाही. सांधा जोडला जात असताना मशिन बंद उभं असतं, तो वेळ सगळ्यात महाग. हा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही, म्हणून तो कुणी धरतच नव्हतं. आज आपण डाउनटाइम, प्रिव्हेन्टिव्ह मेंटेनन्स, लाइफ सायकल कॉस्ट असे भारदस्त शब्द वापरतो. त्यांचा अर्थ टेलरने एका चामडी पट्ट्यावर दाखवून दिला होता. १८९३ मध्ये त्याने हा निबंध अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या सोसायटीपुढे मांडला. पुढे कित्येक वर्षं त्यातले आकडे इंजिनिअरांच्या हँडबुकांत छापले जात होते. पट्टे पाच-सहा महिन्यांनी स्वच्छ करून ग्रीस लावावेत, ताण मोजूनच आवळावेत, असे साधे नियमही त्यात होते.

पट्ट्याशिवाय कार्ड खोटं

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पट्टे झाले, पण याचा सायंटिफिक मॅनेजमेंटशी काय संबंध? तर फार जवळचा संबंध आहे.

टेलरच्या पद्धतीत कामगाराला रोज एक सूचना कार्ड मिळे. कुठला जॉब, कुठलं टूल, किती खोल कट, किती फीड, किती वेग, किती वेळ. टूल, धातू, फीड, कूलंट असे बारा घटक एकमेकांत गुंतलेले. त्यांचं गणित सोडवायला कार्ल बार्थ या नॉर्वेहून आलेल्या गणितीने खास स्लाइड रूल बनवला. त्या हिशोबात एक प्रश्न सुटत नसे : या मशिनचा पट्टा किती ओढू शकतो? स्लाइड रूलने सांगितलेला कट ओढायची ताकद पट्ट्यात नसेल, तर कार्डावरचा सगळा हिशोब खोटा ठरतो. आणि पट्टा ढिला असल्यामुळे काम मागे पडलं तर शिक्षा कुणाला? कामगाराला!

म्हणून टेलरने पट्ट्याची जबाबदारी कामगाराकडून काढून घेतली. त्याच्या आठ फंक्शनल फोरमनची यादी आपण पाठ करतो. त्यातला रिपेअर बॉस आठवा. पट्टे आणि ते सरकवणारे दांडे नीट ठेवले जातात की नाही हे पाहणं त्याच्याच कामात होतं. कामगाराकडून ठरलेलं काम मागायचं, तर आधी व्यवस्थापनाने त्याला ठरलेल्या ताणाचा पट्टा द्यायला हवा. टेलरच्या शिकवणीतला हा अर्धा भाग आपल्या टिपांत सहसा येत नाही.

पुढचे टप्पे आपल्याला माहीत आहेत. १८९५ मध्ये पीस रेटवरचा निबंध. १८९८ मध्ये बेथलेहेम स्टील कंपनी. तिथे मॉन्सेल व्हाइटबरोबर हायस्पीड स्टीलच्या उष्णता प्रक्रियेचा शोध. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टूलचं टोक लालबुंद झालेलं आणि तरी ते कापतंय, चिप्स निळ्या पडून उडताहेत, हे पाहून युरोपातले इंजिनिअर थक्क झाले. गंमत बघा, या टूलमुळे जुनी मशिनं आणि जुने पट्टे अपुरे पडू लागले. टूल तयार, पण ओढणारा अशक्त! १९०६ मध्ये टेलर त्या सोसायटीचा अध्यक्ष झाला आणि त्याने धातू कापण्यावरचा प्रचंड निबंध सादर केला. २६ वर्षांत ८ लाख पौंडांहून जास्त धातूच्या चिप्स झाल्या होत्या. आपलं टूल लाइफचं समीकरण त्यातूनच आलं.

घड्याळ माणसावर रोखलं तेव्हा

आता गोष्टीचा कडू भाग. पट्टे मोजले, टूल मोजलं, तसा टेलर माणसालाही मोजू लागला. बेथलेहेममध्ये कच्च्या लोखंडाच्या लगडी उचलणारा मजूर दिवसाला साडेबारा टन उचलत होता. टेलरच्या सांगण्याप्रमाणे निवडक माणसाने साडेसत्तेचाळीस टन उचलले आणि त्याची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. काम जवळजवळ चौपट, मजुरी सुमारे ६० टक्के जास्त. टेलरने यात विश्रांतीचाही विचार केला होता. दिवसाचा ५७ टक्के वेळ मजुराच्या हातात ओझं नसावं असा त्याचा नियम होता. पण पुढे १९७० च्या दशकात संशोधकांनी बेथलेहेमचे मूळ कागद तपासले, तेव्हा टेलरने ही कथा बरीच रंगवून सांगितल्याचं दिसून आलं. पट्ट्याच्या नोंदींत काटेकोर असलेला माणूस माणसांच्या गोष्टीत तितका काटेकोर राहिला नाही.

१९०९ मध्ये बोस्टनजवळच्या वॉटरटाउन इथल्या सरकारी शस्त्रागारात टेलरची पद्धत आणायचं काम बार्थकडे आलं. त्याने सुरुवात मशिन शॉपपासून केली. पट्टे, टूल, मशिनचे वेग, कामाचं नियोजन. हे चालू असताना मोठी कुरबुर झाली नाही. मग १९११ च्या ऑगस्टमध्ये फाउंड्रीत एका मोल्डरच्या मागे स्टॉपवॉच घेऊन माणूस उभा राहिला आणि मोल्डर संपावर गेले. संप आठवडाभरच चालला, पण प्रकरण थेट अमेरिकन काँग्रेसच्या चौकशी समितीपर्यंत पोचलं. जानेवारी १९१२ मध्ये टेलरची चार दिवस साक्ष झाली. ज्या माणसाला हा वेग झेपणार नाही त्याचं काय करणार, हा प्रश्न समितीने फिरवून फिरवून विचारला. प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या कामात पहिल्या दर्जाचा असतोच, आणि करू शकत असून जो करत नाही त्याला आपल्या पद्धतीत जागा नाही, असं टेलरचं म्हणणं होतं. समितीचं त्याने समाधान झालं नाही. १९१५ मध्ये काँग्रेसने लष्कराच्या खर्चाच्या कायद्यात अट घालून सरकारी शस्त्रागारांत स्टॉपवॉचला बंदी केली. अशा अटी १९४९ पर्यंत चालू राहिल्या.

असं का व्हावं? याचं उत्तर त्याच्या पट्ट्यांच्या निबंधातच सापडतं असं मला वाटतं. पट्ट्याच्या बाबतीत त्याने नऊ वर्षं वाट पाहिली. पट्टा आज किती ओढतो हे न पाहता तो किती वर्षं टिकतो हे पाहिलं, आणि चालू नियमापेक्षा भार बराच कमी करा असा निष्कर्ष काढला. माणसाच्या बाबतीत मात्र काही दिवसांच्या निरीक्षणावर भार ठरायचा. घड्याळात सेकंदाचे भाग मोजले जायचे. पण विश्रांतीसाठी त्यात किती टक्के वाढवायचे, हे शेवटी निरीक्षकाच्या अंदाजावर सोडलेलं असायचं. रॉबर्ट हॉक्सी यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत नेमकं हेच दाखवलं. म्हणजे ज्या अंदाजाशी टेलर आयुष्यभर भांडला, तो अंदाज मागच्या दाराने परत आलाच. शिवाय पट्टा बोलत नाही. माणूस बोलतो, आणि त्याला विचारायला हवं असतं.

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या मुंबईच्या गिरणगावात १९२८ मध्ये सहा महिने सार्वत्रिक संप झाला. एका कामगाराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, अशा कार्यक्षमतेच्या योजना हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. तिथे टेलर नव्हता, पण प्रश्न तोच होता : भार कुणी ठरवायचा आणि कशावरून?

शेवट

टेलरवर टीका झाली तशी त्याची कीर्तीही वाढली. १९११ मधलं त्याचं छोटं पुस्तक अनेक भाषांत गेलं. १९०१ नंतर त्याने पगारी काम सोडलं होतं. तो फिलाडेल्फियातल्या आपल्या घरी येणाऱ्यांना आपली पद्धत समजावून सांगे, गोल्फसाठी चमत्कारिक आकाराचे पटर बनवी आणि हिरवळीच्या गवतावरही प्रयोग करी. पत्नी लुईझ आणि त्यांनी दत्तक घेतलेली तीन मुलं असा संसार होता. १९१५ च्या मार्चमध्ये व्याख्यानाच्या दौऱ्यावरून परतताना त्याला न्यूमोनिया झाला. २१ मार्च १९१५ रोजी, एकोणसाठावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, फिलाडेल्फियाच्या हॉस्पिटलात तो वारला. त्या पहाटे तो आपल्या घड्याळाला किल्ली देत असल्याचा आवाज नर्सने ऐकला होता, असं सांगतात.

पुढे प्रत्येक मशिनला विजेची मोटर आली, छताखालचे शाफ्ट उतरले आणि चामडी पट्ट्यांचं ते जंगल नाहीसं झालं. आता व्ही बेल्ट कारखान्यातूनच अखंड येतो, सांधा नाही की वादी नाही. पण डिझाइनच्या सबमिशनसाठी डेटा बुक उघडून आपण बेल्ट निवडतो तेव्हा सर्व्हिस फॅक्टर घेतो आणि झेपेल त्यापेक्षा कमी भार धरतो. का धरतो, असा प्रश्न व्हायव्हाला आला तर पुस्तकातलं वाक्य म्हणू नका. मिडवेलचे ते ४२ पट्टे आठवा. सात वर्षं आणि अठरा वर्षं, सव्वीस वेळा आणि चौदा वेळा, एवढं सांगितलं तरी परीक्षक खूश होतील.

आणि उद्या आपल्यापैकी कुणी प्लँटमध्ये शिफ्ट इंजिनिअर झाला, हाताखाली पन्नास माणसं आली, वरून टार्गेट वाढवून आलं, तर टेलरचा अर्धाच धडा उचलू नका. आधी मशिन नीट करा, पट्ट्याचा ताण बघा, थांबलेल्या वेळेची नोंद ठेवा. माणसाचा भार ठरवायची वेळ आली, तर त्याच्याशी बसून बोला, आणि आज किती होतंय यापेक्षा किती वर्षं टिकेल ते बघा. टेलरने चामड्याला जो न्याय दिला, तो माणसाला द्यायला हरकत नसावी.